फुलांची बशी

भंगारवाल्याच्या तराजूला जगातल्या बहुतेक वस्तूंची किंमत कळते. लोखंडाला एक भाव, पत्र्याला दुसरा, तांब्यापितळेला तिसरा; वर्तमानपत्रांची रद्दी वेगळी आणि वह्यांची वेगळी. फुटक्या काचेलाही कुठे कुठे भाव मिळतो, कारण काच पुन्हा वितळते. आम्हा मावळातल्या माणसांना काचेचे एवढे तरी ज्ञान असायला हवे. लोकांनी एकेक पैसा देऊन उभ्या केलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली आमच्या तळेगावातच निघाला. पण त्याच तराजूत चिनी मातीची बशी ठेवून पाहा. भंगारवाला ती उचलून मुकाट्याने बाजूला ठेवील. चिनी माती एकदा भाजली ती भाजली. ती वितळवून तिची पुन्हा बशी होत नाही. अखंड आहे तोवर ती बशी, फुटली की खापर. मधली अवस्था तिला नाही आणि मोडीत तिला वजन नाही.

या अगदी साध्या गोष्टीत नीतीचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते. घरातला पितळेचा हंडा विकायला काढणारी बाई कितीही अडाणी असो, तिला वजनाचा आधार असतो. फसवून फसवून तिला किती फसवणार? मोडीच्या भावाखाली कोणी जाऊ लागला तर शेजारची बाईच तिला हटकील. बशीच्या खाली असा तळ नाही. तिची सारी किंमत पाहणाऱ्याच्या डोक्यात असते. माहीत नसले तर तीच बशी दह्याच्या गाडग्यावर झाकण म्हणून पडते. माहीत असले तर काचेच्या कपाटात उभी राहते. म्हणजे बशी विकत घेताना मी माझीच माहिती विकत घेत असते, आणि समोरच्या माणसाचे अज्ञान मला फुकट मिळालेले असते. ते तसे फुकट घ्यावे का, एवढाच प्रश्न आहे.

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडायला फार लांब जावे लागत नाही. १८६३ साली भोरघाटातून आगगाडी धावू लागली आणि मुंबईच्या धनिकांना लोणावळा-खंडाळा अंगणासारखे जवळ आले. पारशी, बोहरी, गुजराती, रेल्वेतले गोरे साहेब, सगळ्यांनी इथे उन्हाळ्यासाठी बंगले बांधले आणि त्या बंगल्यांतून इंग्लंडहून आलेली चिनी मातीची भांडी कपाटे भरभरून ठेवली. सूपाच्या खोलगट बशा, जेवणाच्या पसरट बशा, केकच्या लहान बशा. एकेका संचात शंभरावर नग. आता ते बंगले जात आहेत. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि पणतवंडांनी परदेशातून सह्या पाठवून जागा विकल्या. बंगला पाडण्यापूर्वी सागवानी खाटा आणि आरामखुर्च्या मुंबईचा व्यापारी उचलतो. स्वयंपाकघरातल्या फडताळात जे उरते ते माळ्याला, नाहीतर रखवालदाराला मिळते: ‘घेऊन जा, नाहीतर टाकून दे.’ तिथून त्या बशा रस्त्याच्या कडेला, गोणपाटावर, जुन्या कुलपांच्या आणि बिनझाकणाच्या बरण्यांच्या शेजारी येऊन बसतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात तर त्याच बशा दिसतील. मुंबईच्या चोरबाजारातही दिसतील, पण तिथे त्यांचा भाव विचारायला धाडस लागते.

आपल्या मराठी घरांना या बशांची पारख का नाही, हेही सांगायला हवे. आपल्याकडे चिनी माती लोणच्याच्या बरणीपुरती आली आणि नंतर कपबशीपुरती. ताट पितळेचे, पुढे स्टीलचे. धातू घासला की शुद्ध होतो, माती होत नाही, ही जुनी समजूत घराघरांत मुरलेली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे-टिळकांसारख्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी कप नुसता पुढे सरकवला, आणि तेवढ्यावरून केवढे ग्रामण्य उठले, प्रायश्चित्ते झाली! ज्या समाजात एका कपाने एवढा गदारोळ होत होता, त्या समाजातल्या नातसुनेला बशीच्या पाठीवरचे छाप वाचता येत नाहीत, यात तिचा दोष काय?

ते छाप वाचण्यात मात्र फार मोठा आनंद आहे. बशी हातात आली की तिच्या तोंडाकडे न पाहता पाठीकडे पाहावे. तिथे कारखान्याचा शिक्का असतो. चौकटीच्या आकाराची खूण, तिच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरे आणि आकडे असतील तर ती नक्षी १८४२ ते १८८३ या काळात इंग्लंडात नोंदवलेली. नुसते ‘इंग्लंड’ असे लिहिले असेल तर बशी बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आपल्या बंदरात येणाऱ्या मालावर देशाचे नाव असावे असा कायदा लावला. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर आणखी अलीकडची. ‘निप्पॉन’ लिहिलेली जपानी बशी १९२१ पूर्वीची. त्यानंतर त्यांनी ‘जपान’ लिहायला सुरुवात केली. मग बशी उजेडासमोर धरावी आणि मागे बोटे हलवावीत. बोटांची सावली दिसली तर ती हाडांची राख घालून भाजलेली नाजूक जात. नाही दिसली तर साधी जाड जात. नखाने टिचकी मारली तर अखंड बशी घंटेसारखी वाजते आणि न दिसणारी चीर असली तर बद्द आवाज येतो. आंधळ्या माणसालाही बशीची चीर कळेल, डोळस माणसाला कळेलच असे नाही.

आणि ती फुले! पांढऱ्या बशीच्या काठाने गुलाबांची एक वेल गेलेली असते ती सोडून द्या. मला वेड लावले ते काठापासून मध्यापर्यंत फुलेच फुले दाटलेल्या बशांनी; बोट ठेवायला पांढरी जागा म्हणून उरलेली नाही. १९२० ते १९४० या दोन दशकांत स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांनी ही भांडी पुष्कळ केली. या जातीला इंग्रज ‘चिंट्झ’ म्हणतात. तो शब्द ऐकून कानाला काहीतरी ओळखीचे वाटते आणि मग उमगते की हा तर आपला ‘चीट’, हिंदीतली ‘छींट’! आजीच्या बोलण्यातले चिटाचे पोलके, चिटाची गोधडी, तेच हे. आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या रंगाऱ्यांनी कापडावर काढलेली फुले सतराव्या शतकात विलायतेला गेली. तिथल्या बायकांना त्यांनी असे झपाटले की लोकरीच्या आणि रेशमाच्या विणकरांनी ओरड केली आणि १७०० साली, पुन्हा १७२१ साली, पार्लमेंटाला कायदे करून त्या कापडाला बंदी घालावी लागली. बंदी कापडावर होती, फुलांवर नव्हती. ती फुले पुढे त्यांच्या स्वतःच्या कापडावर उतरली आणि कापडावरून बशीवर चढली. मग आगबोटीत बसून ती पुन्हा हिंदुस्थानात आली आणि खंडाळ्याच्या एखाद्या पारशी मावशीच्या टेबलावर स्थिरावली.

या प्रवासातली एक गोष्ट मनाला टोचून राहते. पक्के रंग कसे चढवावेत, हिरडा कधी, तुरटी कधी, दूध कशाला, हे त्या रंगाऱ्यांचे घरंदाज ज्ञान होते. कर्दू नावाच्या एका फ्रेंच जेझुइट पाद्र्याने आपल्याकडे बाप्तिस्मा घेतलेल्या रंगाऱ्यांना विचारून विचारून ती सारी कृती १७४२ साली पत्रात लिहून पाठवली आणि युरोपात ती छापली गेली. सांगणाऱ्यांनी विश्वासाने सांगितले असणार. आपण जे सांगतो आहोत त्याला समुद्रापलीकडे काय मोल आहे, हे त्यांना ठाऊक असते तर? पाद्र्याला ते ठाऊक होते, म्हणून तर त्याने ते लिहिले. मग माझ्यासारखी बाई गोणपाटावरची बशी उचलून, चेहरा निर्विकार ठेवून, ‘या जुनाटाचे काय घेणार?’ असे विचारते, तेव्हा तीही त्या पाद्र्याच्याच रांगेत उभी नसते का?

माझे एक स्नेही आहेत, जुन्या वस्तूंचे मोठे शौकीन. त्यांना ही तुलना मुळीच मान्य नाही. ते म्हणतात, “वीस वर्षं उन्हातान्हात हिंडलो, हजार बशा उलथ्या करून पाहिल्या तेव्हा एक ओळखू आली. हे ज्ञान माझं भांडवल आहे. डॉक्टर नाडी पाहून पैसे घेतो, वकील कायद्याचे घेतो. मी माझ्या नजरेचे घेतले तर ते पाप कसं?”

युक्तिवाद लहान नाही. नजर कमवावी लागते, हे खरेच आहे. परंतु डॉक्टरकडे जाणाऱ्याला पक्के माहीत असते की याला कळते आणि मला कळत नाही. म्हणूनच तो पैसे मोजतो. डॉक्टरचे ज्ञान रोग्याच्या बाजूने उभे असते. बाजारात माझे ज्ञान विकणाऱ्याच्या विरुद्ध उभे असते, आणि ते मला आहे हेच मी त्याच्यापासून लपवते. आपले शहाणपण लपवून ठेवले तरच ज्याची कमाई होते, असे धंदे जगात कोणते आहेत याची यादी केली तर ती फारशी भूषणावह होणार नाही.

तरी स्नेह्यांचे सगळेच म्हणणे मी खोडून काढणार नाही. जुन्या बाजारातला मुरलेला दुकानदार घ्या. तो बंगल्यातला माल उक्ता उचलतो. त्यात शंभर वस्तूंवर त्याला खोट येते आणि चार वस्तूंवर नफा होतो, हा त्याचा रोजचा हिशेब. चिरलेल्या बशीवर तो भावाची चिठ्ठी नेमकी चिरेवरच चिकटवतो आणि मी ती नखाने उकरून पाहते. दोघांनाही खेळाचे नियम माहीत आहेत. त्याच्याकडून एखादी बशी मला स्वस्तात मिळाली तर त्या रात्री मला सुखाने झोप लागते. पूर्वी दारावर येणाऱ्या बोहारणीशी आपल्या आया अशाच झगडत असत. ‘दोन लुगडी आणि एका कोटावर एवढंसं पातेलं? घेऊन जा तुझं पातेलं!’ लुगडे कुठे विरले आहे ते आई लपवी, पातेल्याचा पत्रा किती पातळ आहे ते बोहारीण लपवी, आणि दोघीही जिंकल्याच्या आनंदात एकमेकींचा निरोप घेत. मात्र त्याच बोहारणीच्या गाठोड्यात कुणाच्या तरी आजीची पैठणी गेली, तिच्या पदराच्या खऱ्या जरीतली चांदी पुढे जाळून काढली गेली आणि घरात आला एक स्टीलचा डबा. ती हकीकत सांगताना त्या घरात आजही सगळ्यांचा आवाज उतरतो. पातेल्याचा व्यवहार आणि पैठणीचा व्यवहार करणारी माणसे तीच, बोलणेही तेच. पण पहिल्यात दोघींची लपवाछपवी एका तोलाची होती, दुसऱ्यात एका बाजूला काहीच नव्हते.

जुन्या बशीचा हाच प्रश्न फार जुन्या लोकांनीही सोडवून पाहिला आहे. जातककथांमध्ये सेरिवाणिज जातक नावाची गोष्ट आहे. अंधपूर नावाच्या गावात एक श्रीमंत घर बसले. उरली एक आजी आणि एक नात. घरातल्या अडगळीत काजळीने काळी झालेली एक थाळी पडली होती. दारावर खेळण्या-दागिन्यांचा फेरीवाला आला तेव्हा नातीने हट्ट धरला आणि आजीने ती थाळी पुढे केली. फेरीवाल्याने थाळी उलटी केली, पाठीवर सुईने रेघ ओढली आणि ओळखले: सोने! ‘याला कवडी कोण देणार?’ म्हणून त्याने ती जमिनीवर टाकली. मनात हे की मागाहून येऊन फुकटात न्यावी. मग दुसरा फेरीवाला आला. हा म्हणजे बोधिसत्त्व. त्याने थाळी पाहिली आणि म्हणाला, “आई, ही लाखाची वस्तू आहे. एवढे पैसे माझ्यापाशी नाहीत.” आजी म्हणाली, “मघाचा तर टाकून गेला. तुमच्याच पुण्याईने ती सोन्याची झाली असेल. काय द्यायचे ते द्या आणि न्या.” त्याने जवळची पाचशे नाणी दिली, पाचशेंचा माल दिला, फक्त तराजू, पिशवी आणि आठ नाणी मागून घेतली. ती आठ त्याने नदीवर नावाड्याला दिली आणि पार झाला.

ही गोष्ट आमच्या भागात सांगायला एक वेगळीच गोडी आहे. कार्ल्याचे चैत्यगृह बांधले गेले ते पुष्कळसे अशाच व्यापाऱ्यांच्या दानातून. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे केले, असा लेख तिथे दगडात कोरलेला आहे. घाटावरून माल नेणारे लोक ते. त्यांना उपदेशाला अशीच बाजारातली गोष्ट लागत असणार.

सातवीच्या वर्गात मी ती सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा बोटांवर हिशेब करून म्हणाला, “बाई, मग त्याला नव्याण्णव हजार सुटले की!”

वर्ग हसला. मला हसता आले नाही, कारण पोराचा हिशेब चोख होता. लाखाच्या वस्तूला हजार दिले तो सज्जन, आणि ज्याने एक पैही दिली नाही आणि काही घेतलेही नाही तो दुर्जन! किमतीच्या काट्यावर पाहिले तर दोघांत फरक फार थोडा आहे. मग फरक कशात? घरी येऊन पुष्कळ विचार केल्यावर मला वाटले की दुसऱ्याने आधी सांगितले, मग घेतले. सांगितल्यावर ती थाळी घेण्याचा अधिकार त्याच्या हातून सुटून म्हातारीच्या हातात गेला. ती म्हणू शकली असती की नाही देत, पेठेतल्या सराफाला बोलावते. तसे झाले असते तर बोधिसत्त्व रिकाम्या हाताने दुसऱ्या गल्लीत गेला असता. तो धोका त्याने पत्करला. त्याने दिलेली खरी किंमत ती. हजाराचा आकडा हा पुढचा भाग.

सिसेरो नावाच्या रोमन पंडिताने इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यातही नेमके हेच कोडे आहे: विकणारा पितळ समजून सोने विकतो आहे, भल्या माणसाने त्याला सांगावे, की हजाराची वस्तू एका नाण्याला घ्यावी? या कोड्यांवर दोन तत्त्वज्ञांचा वाद तो देतो. डायोजनीस म्हणतो, गप्प राहणे वेगळे आणि लपवणे वेगळे. मला ठाऊक असलेले सगळे तुला सांगितलेच पाहिजे असे थोडेच आहे? अँटिपेटर म्हणतो, माणूस माणसाचा सोयरा आहे, त्याच्या हिताचे त्याला कळवलेच पाहिजे. सिसेरोचा कल दुसऱ्याकडे आहे. दुसऱ्याला जे कळण्यात त्याचे हित आहे, ते आपल्या लाभासाठी त्याला कळू न देणे, याला तो लपवणे म्हणतो. मला ही व्याख्या पटते. रस्त्याने जाताना प्रत्येक दुकानदाराला त्याच्या मालाचा इतिहास सांगत सुटायला मी बांधलेली नाही. पण हातात पैसे घेऊन मी समोर बसले, बाईने ‘तुम्हीच सांगा काय द्याल’ असे विचारले, की तिथून पुढचे माझे मौन हे मौन राहत नाही.

आपले स्मृतिकार याहून व्यवहारी. माणूस चुकणार, हे गृहीत धरूनच ते चालतात. मनूने वादाची अठरा प्रकरणे मोजली त्यांत एक आहे क्रयविक्रयानुशय, म्हणजे घेतल्या-विकल्याचा पस्तावा. दहा दिवसांच्या आत घेणाऱ्याने वस्तू परत द्यावी किंवा विकणाऱ्याने परत घ्यावी, अशी मुभा त्यात आहे. घेणाऱ्याला पारखायला मुदत याज्ञवल्क्याने वस्तूगणिक वेगळी लावली: लोखंडाला एक दिवस, रत्नाला सात. विकणाऱ्याच्या पस्ताव्यालाही कायद्यात जागा ठेवणारी ही माणसे मला फार मोठी वाटतात. पण गोणपाटावर बसलेली बाई दहा दिवसांनी मला कुठे शोधणार?

हल्ली यावर एक सोपे उत्तर मिळते. सगळ्यांच्या हातात फोन आहे, बशीचा फोटो काढला की भाव कळतो, आता कोण अडाणी राहिले? ज्याला कळायचे आहे त्याला कळेल. मला हे खरे वाटत नाही. फोनला विचारण्यापूर्वी ही विचारण्याजोगी वस्तू आहे हे तरी मनात यायला हवे. कोंबड्यांना दाणे घालायच्या बशीचा फोटो कोण काढतो?

कोंबड्यांचा दाखला मी कल्पनेने दिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी, पाऊस नुकता उघडला होता तेव्हा, बाजाराच्या कडेला एक बाई सहा बशा मांडून बसली होती. खंडाळ्याच्या वाटेवरचा एक बंगला विकला गेला, तिचा नवरा तिथे माळी होता. निघताना हे फडताळ त्यांच्या वाट्याला आले. सातवी बशी घरी कोंबड्यांपुढे होती, तिचा काठ उडालेला, म्हणून आणली नव्हती. सहाही बशा दाट फुलांच्या, पिवळ्या-जांभळ्या. मी एक उलटी करून शिक्का पाहिला. टिचकी मारली, अखंड वाजली.

“दहाला एक द्या,” ती म्हणाली. “सगळ्या घेतल्या तर पन्नास. पोरीच्या गणवेशाला कमी पडतात, म्हणून काढल्या.”

मी तिला सांगितले की या जुन्या विलायती बशा आहेत, मुंबईच्या दुकानात एकेकीला काही शे रुपये सहज पडतील. मला त्या भावाने सगळ्या परवडणार नाहीत, पण दोन घेईन.

ती माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. “मग तुम्ही मला कशाला सांगताय?”

यावर मला काही उत्तर सुचले नाही. खरे सांगणाऱ्याचा काहीतरी डाव असणार, हा तिचा आजवरचा अनुभव होता आणि तो चुकीचा म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. शेजारच्या कुलूपवाल्याने कान टवकारले. ती म्हणाली, मालकाला विचारून सांगते. तिने बशा एकेक करून पदराने पुसल्या, गोणपाटात गुंडाळल्या आणि उठून गेली.

स्नेह्यांना हे कळले तेव्हा ते संतापलेच. “तुमच्या सत्यापायी त्या बाईचे त्या दिवशीचे पन्नास रुपये बुडाले. तिच्या हातात बशा आहेत, मुंबईचं दुकान नाही. मी असतो तर शंभर दिले असते, ती खूश, मी खूश. तुम्ही तिला सोन्याचा डोंगर दाखवलात आणि उपाशी ठेवलंत.”

या बोलण्यातला काटा अजून निघालेला नाही. नुसते ज्ञान पोटाला लावता येत नाही, हे शंभर टक्के खरे. सांगितल्याने माझे कर्तव्य संपले असे मी समजले असते तर तो सोवळेपणाच झाला असता. आपले हात स्वच्छ, पुढचे तिचे ती पाहील. बोधिसत्त्वाने सांगितले आणि शिवाय जवळचे सगळे काढून दिले, हे विसरून चालत नाही. तिची मुलगी आमच्याच शाळेत होती. मुलीकडे मी निरोप दिला की विकायच्या असतील तर मुंबईच्या दुकानाशी मी बोलते, मधल्या गणवेशाचेही पाहू. गणवेशाचे पाहिले गेले. दुकानाविषयी काही उत्तर आले नाही. महिन्याभराने बाईच रस्त्यात भेटली आणि हसून म्हणाली, “आता इकवत न्हाई, बाई. भाव कळल्यावर हात धजेना.”

म्हणजे मी तिला सांगितली किंमत आणि तिला कळले काहीतरी निराळेच. दहा रुपयांची बशी ती विकायला निघाली होती. काही शे रुपयांची बशी ठेवून घ्यावी असे तिला वाटले. स्नेही म्हणतात, हा शुद्ध वेडेपणा. माळ्याच्या खोपट्यात त्या आज ना उद्या फुटतील. फुटतीलही. बंगल्याच्या फडताळात त्या सत्तर-ऐंशी वर्षे सुखरूप राहिल्या त्या कोणी त्यांत जेवत नव्हते म्हणून.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी फराळ घेऊन आली. वर क्रोशाचा रुमाल, खाली करंज्या, शंकरपाळे, बेसनाचा एक लाडू. आणि त्यांच्याखाली, करंजी उचलेल तशी एकेक उमलत जाणारी ती पिवळी-जांभळी फुले. फराळ डब्यात काढून घेतल्यावर सवयीने मी बशी उलटी केली. शिक्का जागेवर होता. त्याच्या शेजारी लाल नेलपॉलिशने ठसठशीत ‘सु.’ काढलेला होता. स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेतात तसे चिनी मातीवर घालता येत नाही, म्हणून मुलीने ही युक्ती केली होती. सहाही बशांवर घातले आहे, ती म्हणाली. शेजारीपाजारी फराळ जातो, बशा बदलायला नकोत. आत कोंबड्यांची धरून सातही, असे तिने मागून सांगितले.

जाणकारांच्या हिशेबाने बशीची किंमत त्या ‘सु.’मुळे बरीच उतरली असेल. दिल्या भांड्यातून रिकामे परत पाठवू नये, म्हणून मी त्यात अनारसे घातले, वर तोच रुमाल टाकला आणि मुलीला म्हटले की दोन्ही हातांनी धर.